सिस्टरांना विचारा : इथिओपियातल्या बायका आणि सूनबाईचं इंजेक्शन

प्रश्न : सून बाळंत होऊन तीन महिने झाले. दुसरं मूल तीन-चार वर्षांनी, तोवर इंजेक्शन घेणार म्हणते. माझी मुलगी नर्सिंगला आहे, ती सांगते की इथिओपियात वीस वर्षांत गर्भनिरोधक साधनं वापरणाऱ्या बायका पाचपट झाल्या, त्या या इंजेक्शनामुळेच. एवढ्या गरीब देशाला हे जमलं कसं? आणि पाळी थांबली तर रक्त आत साचत नाही का?
– एक सासू, कोरेगाव

उत्तर : मुलगी बरोबर सांगते. तिथल्या पाहणीत २००० साली शंभर विवाहित बायकांत ८ जणी काहीतरी साधन वापरत होत्या. २०१६ मध्ये ३६, २०१९ मध्ये ४१. निम्म्याहून जास्त जणींचं साधन म्हणजे तीन महिन्यांचं इंजेक्शन.

इंजेक्शन आधीही होतंच, ते दारापर्यंत नेणारं कुणी नव्हतं. २००३ नंतर सरकारने खेड्यातल्याच दहावी झालेल्या मुली निवडल्या, वर्षभर शिकवल्या आणि तीन ते पाच हजार वस्तीमागे दोघी नेमल्या. त्याही पगारावर! आमच्या आशाताईंनी हे वाचावं, आणि त्यांच्या वरच्या साहेबांनी तर जरूर. २००९ पासून दंडात बसवायची गर्भनिरोधक कांडीसुद्धा याच मुली बसवू लागल्या. सगळीकडे सारखं झालं असं मात्र नाही. २०१६ मध्ये अदिस अबाबात निम्म्या बायका साधन वापरत होत्या, तर सोमाली प्रांतात शंभरात दोघीसुद्धा नाहीत.

आपलं गाडं मूल बंद करायच्या ऑपरेशनवर अडलंय. २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या जवळपास निम्म्या विवाहित बायकांचं ऑपरेशन झालेलं होतं. पुरुषांचं शंभरात एकही धड नाही. मी पाटण तालुक्यात उपकेंद्रावर होते. मार्च जवळ आला की टार्गेटसाठी फोन सुरू. शिबिराला व्हरांड्यात गाद्यांवर ओळीने बायका, बाहेर नवरे चहा पीत. पाळणा लांबवायचं कुणी विचारलं, तर तांबी नाहीतर गोळ्या, आणि दोन्हींबद्दल गावभर अफवा. २००७ मध्ये आपल्या सातारा जिल्ह्यात लग्नानंतर पहिलं मूल दोन वर्षं थांबवलं तर पाच हजार आणि तीन वर्षं थांबवलं तर साडेसात हजार रुपये अशी योजना निघाली. नाव काय, तर ‘दुसरा मधुचंद्र’. ते सासवांपुढे उच्चारताना आमची पंचाईत व्हायची, पण कल्पना शहाणपणाची होती.

आता रक्ताचं. साचत नाही. या इंजेक्शनाने गर्भपिशवीचं अस्तर पातळच राहतं, मग बाहेर पडायला काही उरत नाही. सुरुवातीचे महिने अधूनमधून डाग जातील, पुढे पाळी थांबेल, वजन थोडं वाढू शकेल. अंगावरून फार जायला लागलं तर मात्र घरी बसू नका. बाळंतपणाला सहा आठवडे होऊन गेलेत, त्यामुळे अंगावर पाजत असली तरी चालतं, दूध आटत नाही. बंद केल्यावर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात, तेव्हा चौथ्या वर्षी मूल हवं असेल तर हिशेब आधीच करा.

सरकारी दवाखान्यात हे ‘अंतरा’ नावाने फुकट मिळतं. पहिला डोस डॉक्टरांनी तपासूनच. बीपी किंवा काविळीचा त्रास असेल तर तिने आधी सांगावं. पुढची तारीख कार्डावर लिहून देतात, ते कार्ड तिच्याकडेच राहू द्या. सोबत जरूर जा, पण डॉक्टर बोलतील तेव्हा बाहेर बाकावर बसा.