दोन गठ्ठे

"मॅडम, दोष माझ्यातच आहे ना?"

सांगलीत मूल न होणाऱ्या जोडप्यांच्या समुपदेशनाला बसायला लागल्यापासून हा प्रश्न ऐकते आहे. विचारणारी कधी विट्याची असते, कधी जतची, कधी इथलीच विश्रामबागेतली. शब्द तेच, आणि त्यातला तो 'च'सुद्धा तोच. माझं निम्मं काम त्या 'च'शी असतं.

परवा आणखी एकीने विचारलं, म्हणून ही गोष्ट लिहिते. नाव बदललंय, सुनीता म्हणू. तासगाव तालुका, द्राक्षबाग, लग्नाला सहा वर्षं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कोणी कोणी बोलवायचं बंद केलं, ते तिने किराणाची यादी वाचावी तसं सांगितलं. मांडीवर साडीच्या दुकानाची पिशवी, पिशवीत फाईल.

पहिल्या दोन-तीन भेटी ऐकण्यात गेल्या. मग एकदा म्हटलं, "फाईल उघड. तुझे कागद डावीकडे लाव, त्यांचे उजवीकडे."

डावीकडे कागद पडत राहिले. सोनोग्राफी, थायरॉईड, प्रोलॅक्टिन, गर्भनळ्यांचा एक्स-रे, तोही दोनदा, दोन दवाखान्यांत. उजवीकडे टेबलाचा सनमायका तसाच. शेवटी तिने एक चिठ्ठी उजवीकडे ठेवली, पुन्हा वाचली आणि परत डावीकडे घेतली. तिच्याच रक्ताची होती. वर 'पतीचे नाव' छापलं होतं इतकंच.

त्या रिकाम्या जागेकडे ती बराच वेळ बघत बसली. मीही गप्प. (हे गप्प बसणं जमायला मला दहा वर्षं लागली.) मग म्हणाली, "मी एकटी नापास होत होते की वो. त्यांचा पेपरच झाला नाही."

पहिल्यांदा तो 'च' योग्य जागी पडला होता.

बाईच्या बाजूने कारणं बरीच असतात. बीज वेळेवर फुटत नाही, त्यामागे पीसीओडी (बीजकोशाशी निगडित हार्मोनचा बिघाड) किंवा थायरॉईड असतो. नळ्या बंद असतात, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढणं) असतो, गर्भाशयात गाठी असतात. आपल्याकडे गर्भाशयाचा टीबीही सापडतो, आणि खोकला नसल्यामुळे तो कुणाच्या ध्यानात येत नाही. पुष्कळशा कारणांवर उपाय आहेत. गोळ्यांनी बीज फुटतं, वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के उतरल्यावरही पाळी रुळावर येऊ शकते, दोन्ही नळ्या बंद असल्या तरी टेस्ट ट्यूब बेबीचा मार्ग असतो. पण तिसरा हिस्सा ते निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडेही कारण असतं. त्याची पहिली तपासणी, म्हणजे वीर्याची, सगळ्यांत सोपी, सुईसुद्धा टोचावी लागत नाही. साधन न वापरता वर्षभरात दिवस राहिले नाहीत, तर दोघांनी मिळून जावं. बाई ३५च्या पुढची असेल तर सहा महिन्यांतच.

"टेन्शन सोड, आपोआप होईल" म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. मन शांत झालं म्हणून बंद नळी उघडत नाही. माझ्याकडे येऊन मूल होत नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगते.

नवरा आला तो दारातूनच, "मला काय झालंय?"

बाईला जमिनीची उपमा मला मुळीच आवडत नाही. नापीक म्हणायची सोय तिथूनच होते. पण बागायतदाराशी बोलायचं तर बागेतूनच जावं लागतं.

"घड कमी निघाले तर काय काय तपासता?"

"माती, पाणी, देठ. छाटणीआधी काडी."

"नुसती माती तपासून थांबत नाही ना?"

तो हसला नाही. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "रिपोर्ट वाईट आला तर गावात..."

"तिचा रिपोर्ट सहा वर्षं गावात फिरतोय," मी म्हटलं. आवाज थोडा चढला असावा. एरवी मी चढू देत नाही.

जुलैत तपासणी झाली. शुक्राणूंची संख्या कमी, हालचालही कमी. तिचं बीजही वेळेवर फुटत नव्हतं. म्हणजे अडचण दोघांकडे, आणि दोघांचेही उपचार मिरजेला सुरू झाले. डॉक्टरांनी त्याला तंबाखू सोडायला सांगितली आणि तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलं. एका रिपोर्टवर निकाल लावत नाहीत, आणि शुक्राणू तयार व्हायलाच साधारण अडीच महिने जातात.

गेल्या आठवड्यात त्याचा फोन. "मॅडम, तपासणीची तारीख नेमकी ऑक्टोबर छाटणीत येतीय. पुढं ढकलली तर चालंल का?"

मी उत्तर देण्याआधी मागून तिचा आवाज आला, "छाटणीची टोळी मी बघते. तुम्ही मिरजेला जायचं."