रिएलचा वकील, कॅनडाचा सरन्यायाधीश : चार्ल्स फिट्झपॅट्रिक

प्रश्न : लुई रिएलचा बचाव फिट्झपॅट्रिक यांच्यासारख्या निष्णात वकिलाकडे असूनही तो खटला का हरला?

उत्तर : क्वेबेकमधील फिट्झपॅट्रिक तेव्हा ३३ वर्षांचे होते. मेटी, म्हणजे कॅनडातील मूलनिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या, लोकांच्या उठावाचा नेता रिएल याच्यावर जुलै १८८५ मध्ये रेजायना येथे राजद्रोहाचा खटला चालला. आरोपाला आधार होता १३५१ च्या इंग्लिश कायद्याचा आणि ज्यूरीत सहाच जण होते. न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रावरील हरकत फेटाळली गेल्यावर आरोपी वेडाच्या भरात वागला, एवढाच बचाव उरला. पण स्वतःला वेडा म्हणवून घेणे रिएलला मुळीच मान्य नव्हते. एका साक्षीदाराची उलटतपासणी चालू असताना तो मध्येच बोलू लागला आणि प्रश्न आपल्यालाच विचारू द्यावेत असा आग्रह धरू लागला, तेव्हा असे असेल तर आम्हांला काम चालवता येणार नाही, असे वकिलांना भर न्यायालयात सांगावे लागले. अशील आणि वकील यांच्यातील ही फूट ज्यूरीने समोर पाहिली. ज्यूरीने दयेची शिफारस केली, तरीही १६ नोव्हेंबरला रिएलला फाशी झाली. यात वकिलांना दोष देणे मला अन्यायाचे वाटते.

प्रश्न : मंत्री थेट सरन्यायाधीश होऊ शकत असे का?

उत्तर : होय. १८९६ मध्ये संसदेत आलेले फिट्झपॅट्रिक १९०२ मध्ये पंतप्रधान लॉरिए यांच्या मंत्रिमंडळात न्यायमंत्री झाले आणि जून १९०६ मध्ये, त्याआधी कधीही न्यायाधीश नसताना, सरन्यायाधीश झाले.

प्रश्न : त्यांचा कोणता निकाल आज खटकतो?

उत्तर : १९१४ चा क्वाँग विंग खटल्यातील. मूसजॉ येथील या चिनी उपाहारगृहमालकाने ब्रिटिश प्रजाजनत्व रीतसर मिळवले होते. तरी गोऱ्या स्त्रियांना कामावर ठेवले म्हणून सस्कॅचेवान प्रांताच्या कायद्याखाली त्याला शिक्षा झाली. ज्या प्रांताच्या स्थापनेचे विधेयक १९०५ मध्ये फिट्झपॅट्रिक यांच्याच मंत्रिपदाच्या काळात आले, त्याच प्रांताचा हा कायदा त्यांनी बहुमताच्या निकालात वैध ठरवला. स्त्रियांचे संरक्षण हा प्रांताच्या अधिकारातील विषय आहे, अशी त्यांची भूमिका होती. मला ती पटत नाही, कारण मालकाचा वंश बदलला की तेच काम निर्दोष ठरत होते. एकट्या न्यायमूर्ती आयडिंग्टन यांनी विरोधी मत नोंदवले आणि प्रजाजनत्व मिळालेल्या माणसाला समान हक्क असतात, या मुद्द्यावर ते ठाम राहिले.