इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीत यायचंय? आधी सुई शीक

सोलापुरात एमबीबीएस करून इकडे, म्हणजे सोनोग्राफी-एक्स-रेवर बघत सुई आणि वायरने उपचार करण्याकडे, वळणार असशील, तर नीट-पीजीतून ३ वर्षांचं एमडी रेडिओलॉजी, मग नीट-एसएसमधून ३ वर्षांचं डीएम (सुपरस्पेशालिटी पदवी). एमडीतच सोनोग्राफीचा प्रोब हातात बसव.

फिमोरल पंक्चर (जांघेतल्या धमनीत सुई घालणं) सोनोग्राफीखाली, फिमोरल हेडच्या (मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याच्या) पातळीवर घे. इंग्वायनल लिगामेंटच्या (जांघेतल्या आडव्या पट्ट्याच्या) वर टोचलंस तर दाब द्यायला मागे हाड नसतं. रक्त पोटामागे साचतं आणि बाहेरून दिसतही नाही. फार खाली गेलास तर स्यूडोॲन्युरिझमचा (धमनीतून गळलेल्या रक्ताचा फुगा) धोका. १८ गेजच्या सुईतून ०.०३५ इंची वायर (पुढची नळी जिच्यावरून सरकवतात ती) जाते, त्याहून बारीक २१ गेजमधून ०.०१८. वायर अडली की ढकलू नकोस, फ्लुरोस्कोपीत (चालू एक्स-रेमध्ये) बघ. शीथ (धमनीत ठेवलेली नळी) काढल्यावर १५-२० मिनिटं हातानेच दाब. मधेच बोट उचलून डोकावायचं नाही (हे सगळेच करतात).

डायलिसिसचे बंद पडलेले फिस्टुला (हातात धमनी-शीर जोडून केलेला मार्ग), मधुमेहींच्या पायांच्या तुंबलेल्या धमन्या ही कामं सोलापुरातही मिळतील, पण ओपीडीत स्वतः बसावं लागेल.