टारनीटचं घर, वाकडचा फ्लॅट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मेलबर्नच्या टारनीटमध्ये भाड्यानं राहता, 2023 मध्ये पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) झाली, हाताशी 60 हजार डॉलर आहेत. 7 लाख 80 हजारांचं घर मनात भरलंय. सरकारी हमीवर किमतीच्या 5 टक्केच डिपॉझिट भरून ते आत्ताच घ्यावं, की आधी पुण्यातला, वाकडचा फ्लॅट विकावा? मार्चमध्ये बाळ येणार आहे.

हे घर घेऊ नका. म्हणजे घरच घेऊ नका असं नाही, *हे* नको.

ऑक्टोबर 2025 पासून हमी योजनेतली उत्पन्नाची अट गेली, मेलबर्नसाठी किमतीची मर्यादा साडेनऊ लाख झाली, त्यामुळे ओळखीतला जो तो 5 टक्क्यांचं बोलतोय. हमीमुळे वाचतो तो बँकेचा एलएमआय, म्हणजे कमी डिपॉझिटवरचा विमा. स्टॅम्प ड्यूटी तशीच राहते. व्हिक्टोरियात पहिल्या घराला 6 लाखांपर्यंत ती माफ, पुढे साडेसात लाखांपर्यंत सवलत कमी कमी होत जाते, त्यावर पूर्ण ड्यूटी. तुमच्या घरावर ती 41,870 डॉलर. डिपॉझिट 39 हजार. झाले जवळपास 81 हजार, आणि वकिलाची फी अजून धरलेली नाही. पैसे मुळात पुरतच नाहीत.

तेच साडेसहा लाखांचं टाउनहाउस बघा: डिपॉझिट 32,500, ड्यूटी सुमारे 11,350. सोळा हजार हातात उरतात, आणि बाळाच्या पहिल्या वर्षात ते लागतीलच.

आता हप्ता. दर 6 टक्के धरला तर 30 वर्षांसाठी मोठ्या घराचा महिन्याला 4,440, टाउनहाउसचा 3,700. बायकोची रजा सुरू झाली की तुमच्या 85 हजारांच्या पगारातून हातात महिना 5,600च्या आसपास येतात. मोठ्या घरात उरलेल्या साडेअकराशेत तिघांचं भागवायचं? कौन्सिलचे रेट्स, म्हणजे घरपट्टी, आणि घराचा विमा त्यातूनच जाणार. रजेची गोष्ट बँकेला आधीच सांगा. लपवून मिळालेलं कर्ज आपल्यालाच फेडायचं असतं.

वाकडचा फ्लॅट हमीच्या आड येत नाही, अट ऑस्ट्रेलियातल्या मालमत्तेचीच आहे. तो विका, पण घाई करू नका. 80 लाखांच्या फ्लॅटवर 22 हजार भाडं म्हणजे सव्वातीन टक्के. इथं तेच पैसे कर्जाच्या ऑफसेट खात्यात (त्यातल्या शिलकीएवढ्या कर्जावर व्याज लागत नाही) ठेवले तर 6 टक्के व्याज वाचतं. भावनिक गुंतवणूक असेल तर वेगळी गोष्ट, तिचा हिशेब माझ्याकडे नाही.

विकण्याआधी एक काम मात्र करून घ्या. पीआर मिळेपर्यंत तुम्ही टेम्पररी व्हिसावर होता, त्यामुळे ऑस्ट्रेलियाच्या कॅपिटल गेन्ससाठी, म्हणजे विक्रीच्या नफ्यावरच्या करासाठी, फ्लॅटची खरेदी किंमत म्हणून सहसा पीआरच्या दिवशीचा बाजारभाव धरला जातो, 2014 मध्ये घेतलात तेव्हाची किंमत नव्हे. त्या तारखेचं व्हॅल्युएशन पुण्यातल्या नोंदणीकृत व्हॅल्युअरकडून लेखी घ्या. भारतात नफ्यावर 12.5 टक्के कर लागेल. तो इथल्या करातून वजा मागता येतो. खरेदीदार टीडीएस मात्र नफ्यावर नाही, विक्रीच्या पूर्ण रकमेवर कापू शकतो, म्हणून कमी कपातीचा दाखला सौदा ठरण्याआधी काढायला सीएला सांगा.