पदवीच्या मुलांचे संशोधन हाती घेताना

बेळगावात विमान अभियांत्रिकी शिकवायला नव्याने रुजू होताना पदवीच्या मुलांना पहिल्याच सत्रात नवे विमान रचायला लावू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. विंड टनेलमध्ये, म्हणजे नियंत्रित वारा सोडणाऱ्या चाचणी बोगद्यात, नाका (NACA) ००१२ हा वरून-खालून सारखा असलेला सममित एअरफॉइल, म्हणजे पंखाच्या छेदाचा आकार, वाऱ्याशी शून्य अंशाला बसवून त्यांना लिफ्ट, म्हणजे वर उचलणारे बल, मोजू द्या. ती शून्य यायला हवी. न आल्यास मॉडेल उलटे बसवून पुन्हा मोजायला सांगा, कारण त्या नको असलेल्या लिफ्टचे अधिक-उणे चिन्ह बदलले तर दोष मॉडेलच्या घडणीत असतो आणि तेच राहिले तर हवेच्या प्रवाहात किंवा मॉडेल बसवण्याच्या जोडणीत. हे उत्तर तुम्ही आधी सांगू नका. खानापूरकडच्या मराठी शाळांतून आलेली मुले इंग्रजीत गप्प बसतात. त्यांना वाद मराठीतच घालू द्या, नोंदवही मात्र इंग्रजीत आणि रोजच्या रोज लिहून घ्या. बेळगाव जिल्ह्यातल्या हत्तरगीला विमानाचे सुटे भाग घडतात, तिथली मोजमाप तपासणीही एकदा अवश्य दाखवा.