उलूस, नास्लेग आणि अलास : याकुतियातल्या चुरापचाबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न (सांगली) : याकुतियाच्या नकाशांवर ‘उलूस’ आणि ‘नास्लेग’ असे शब्द दिसतात. आपल्याकडच्या हिशेबाने उलूस म्हणजे जिल्हा की तालुका?

कामकाज पाहिले तर जिल्हा, माणसे मोजली तर एखादे मोठे गाव. याकुतियात, म्हणजे रशियाच्या सायबेरियातल्या साखा प्रजासत्ताकात, असे ३४ उलूस आहेत. रशियन कागदपत्रांत त्यांनाच ‘रायोन’ म्हणतात. उलूसाखाली नास्लेग येतो. एक किंवा अनेक गावांचा मिळून एक नास्लेग होतो, आपल्या गट ग्रामपंचायतीसारखा. घोटाळा होतो तो नावांमुळे. नास्लेगाचे नाव आणि त्याच्या मुख्य गावाचे नाव पुष्कळदा वेगळे असते, शिवाय प्रत्येकाचे एक साखा रूप (साखा ही तिथल्या स्थानिक लोकांची भाषा) आणि एक रशियन रूप. म्हणून आकडेवारी घेताना हा आकडा गावाचा, नास्लेगाचा की उलूसाचा, हे आधी तपासावे.

पुढच्या उत्तरांसाठी एकच उलूस धरू : चुरापचा. याकुत्स्क या राजधानीच्या पूर्वेला, लेना नदीपलीकडे, कोलिमा महामार्गावर तो लागतो. शहर एकही नाही, सगळी गावेच, आणि रहिवासी जवळजवळ सगळे साखा समाजाचे.

प्रश्न (नाशिक) : तिथे दर चौरस किलोमीटरला दोनसुद्धा माणसे नाहीत असे वाचले. मग घरे एकमेकांपासून मैलोन् मैल लांब असतात का?

नाही. सरासरी इथे दिशाभूल करते. क्षेत्रफळ सुमारे १२,६०० चौरस किलोमीटर, म्हणजे पुणे जिल्ह्याच्या चार-पंचमांश. २०१० च्या जनगणनेत लोकसंख्या २०,३८७. भागाकार १.६ येतो खरा, पण निम्म्याच्या आसपास लोक चुरापचा या मुख्य गावातच राहतात आणि उरलेल्या गावांतही घरे दाटीनेच आहेत. मधला प्रदेश लार्च वृक्षांचे जंगल.

गाव कुठे बसणार हे ‘अलास’ ठरवतो. या भागातल्या कायम गोठलेल्या मातीत बर्फाच्या जाड उभ्या पाचरी आहेत. एखाद्या ठिकाणचे जंगल जळाले किंवा तुटले की उन्हाळ्यात जमीन नेहमीपेक्षा खोल वितळते, पाचरींचे पाणी होते आणि वरची माती खाली बसते. खड्ड्यात तळे साचते, तळ्यामुळे खालचे बर्फ आणखी वितळते. हजारो वर्षांनी तळे आटत आटत मध्यापुरते उरते आणि भोवती बशीसारखे सपाट कुरण तयार होते. तेच अलास. गवताचे पट्टे तळ्याभोवती वर्तुळांसारखे असतात : काठाला ओलसर दलदलीचे, मधल्या पट्ट्यात चाऱ्याला उत्तम, बाहेर कोरडे आणि विरळ.

चाऱ्याचे महत्त्व हिवाळ्यामुळे. जानेवारीत पारा सरासरी उणे ४० च्या आसपास असतो आणि गाई सात-आठ महिने ‘खोतोन’ नावाच्या गोठ्यात बांधलेल्या राहतात. एका गाईला तेवढ्या काळासाठी साधारण दोन टन सुके गवत लागते आणि ते जुलै-ऑगस्टच्या काही आठवड्यांतच कापून गंजी रचावी लागते. घोडे मात्र बाहेरच राहतात, खुरांनी बर्फ उकरून गवत खातात. पाऊस-बर्फ मिळून वर्षाला २५० मिलीमीटरच्या आसपासच. त्यामुळे दुष्काळात तळी आटतात, गवत खुरटते आणि सगळा हिशेब कोसळतो. १९३९ ते १९४२ मध्ये तसेच झाले. त्यात १९४२ साली ४१ सामूहिक शेतसंस्थांतल्या सुमारे पाच हजार माणसांना मासेमारीसाठी उत्तरेला हलवण्यात आले. थंडीने आणि उपासमारीने त्यातले कितीतरी दगावले. या उलूसाच्या लोकसंख्येचा आलेख वाचताना हे साल विसरता येत नाही.

पिण्याचे पाणीही तळ्यांचेच. थंडीच्या सुरुवातीला बर्फाच्या लाद्या कापून अंगणात रचतात आणि लागेल तशा घरात वितळवतात. उन्हाळ्यासाठी त्या ‘बुलूस’मध्ये, गोठलेल्या जमिनीत खणलेल्या तळघरात, ठेवतात.

प्रश्न (पुणे) : जमीन कायम गोठलेली असेल तर पाया दगडासारखा पक्का असायला हवा. मग तिथली घरे कलतात का?

गोठलेली आहे तोवर पक्कीच. बिघडते ते वरचा थर जास्त खोल वितळला की. जुनी नांगरलेली शेते किंवा झाडे काढून मोकळी केलेली पटांगणे पाहा : पाचरींच्या जागी चर पडतात, मधे मातीचे उंचवटे उरतात. साखा भाषेत याला ‘बिल्लार’ म्हणतात. अशा शेतात गवत कापायचे यंत्र चालत नाही.

घर खांबांवर उचलून खाली मोकळी जागा सोडतात, म्हणजे हिवाळ्याचा वारा जमीन गारठवतो. चुका नेहमीच्याच. ऊब राहावी म्हणून कोणी ती जागा फळ्यांनी बंद करतो, कोणी सांडपाणी तिथेच सोडतो. तिसरी चूक कमी लक्षात येते : भिंतीलगत साचलेला बर्फ. तो गोधडीचे काम करतो आणि थंडी जमिनीत उतरू देत नाही. म्हणून बर्फ वेळीच दूर ओढायचा आणि वसंतात वितळलेल्या पाण्याला चर खणून वाट द्यायची.

प्रश्न (नागपूर) : अशा भागातून लोक पळ काढत असणार ना?

सरसकट नाही. चुरापचात २००२ साली १९,४९५ लोक होते, २०१० ला नऊशेच्या आसपास वाढले. याकुतियातल्याच ओयम्याकोन उलूसात मात्र १९८९ चे ३१,०७६ लोक २०१० पर्यंत १०,१०९ वर आले. तिथली वस्ती सोन्याच्या खाणींसाठी बाहेरून आलेल्यांची होती. सोव्हिएत काळातले भत्ते संपले, खाणवस्त्या बंद पडल्या, माणसे परतली. दोष थंडीचा असता तर चुरापचाही रिकामे झाले असते.

प्रश्न (कोल्हापूर) : चुरापचाचा कुस्तीशी काही संबंध?

आहे, आणि घट्ट. प्रशिक्षक द्मित्री कोरकिन यांची शाळा इथली. त्यांच्या तालमीतले रोमान द्मित्रिएव्ह १९७२ ला आणि पावेल पिनिगिन १९७६ ला फ्रीस्टाइलमध्ये ऑलिंपिक विजेते झाले.

प्रश्न (ठाणे) : जायचे झाले तर कधी?

मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर टाळा. याकुत्स्कपाशी लेनेवरचा पूल अजून पुरा झालेला नाही. उन्हाळ्यात फेरीबोट, कडक हिवाळ्यात थेट गोठलेल्या नदीवरून मोटार. मधल्या आठवड्यांत बर्फ वाहत असतो किंवा नुकता धरत असतो, तेव्हा हवेच्या गादीवर चालणारी होडी मिळाली तर मिळाली. पलीकडे निझ्नी बेस्त्याखला उतरले की महामार्गाने पुढे चुरापचा.