वाचकांचे प्रश्न: मांजरासारखे, पण मांजर नव्हे

प्रश्न: म्हादईच्या रानातल्या पट्टेरी वाघाचे पूर्वज लांब सुळ्यांचे होते का, असे माझी मुलगी विचारते. तिला काय सांगावे?
– एक वाचक, फोंडा

उत्तर: नव्हते, असे तिला निःशंकपणे सांगावे. सुमारे १०,००० वर्षांपूर्वी नामशेष झालेला अमेरिकेतील लांब सुळ्यांचा स्मायलोडॉन मार्जारकुळातलाच असला, तरी तो वाघाचा पूर्वज नव्हे, लांबचा भाऊबंद होता. मात्र त्याच्याही कोट्यवधी वर्षे आधी, उत्तर अमेरिका, युरोप आणि आशियात निम्राव्हिड नावाचे मांसभक्षक वावरत होते, ज्यांचे चपटे सुळे आणि आत ओढता येणारी नखे पाहून कुणीही त्यांना मांजरच म्हटले असते. फरक कानाशी दडला आहे. घरच्या मांजराच्या मध्यकर्णाखाली हाडाची फुगीर पोकळ डबी असते आणि एक पातळ पडदा तिचे दोन कप्पे करतो. निम्राव्हिडांत तो पडदा आढळत नाही. एवढ्याशा हाडावरून अख्खे कूळ वेगळे ओळखता यावे, हे मला आजही विलक्षण वाटते.

मग साम्य कशामुळे? दबा धरून झडप घालणाऱ्या शिकाऱ्याला तीच हत्यारे उपयोगी पडतात, म्हणून ती वेगवेगळ्या कुळांत स्वतंत्रपणे घडत गेली. दक्षिण अमेरिकेतील थायलॅकोस्मिलस तर कांगारूसारख्या शिशुधान प्राण्यांच्या गोतावळ्यातला होता, तरीही त्याला लांबलचक सुळे होते आणि ते आयुष्यभर वाढत राहत.